कलाबतू, कागद आणि काळा दगड

(बऱ्हाणपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. त्यामुळे आज पदार्थविज्ञानातला एक विषय थोडा नेटानं मांडायची मोकळीक मी घेणार आहे. खरखरीत पृष्ठभागावर पडलेला उजेड कोणत्या दिशेला किती जातो, तो मोजायचा कसा आणि मोजलेल्या आकड्यांना गणितात बसवायचं कसं, हा तो विषय. बाहेरगावी तो बोलताना दाखल्यांसाठी शोधाशोध करावी लागते. बऱ्हाणपुरात ते हाताशी आहेत: इथली कलाबतू म्हणजे जरीचा धागा, नेपानगरचा कागद आणि जामा मशिदीचा काळा दगड.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एखादा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत, हे त्या पृष्ठभागाकडे एकट्याकडे पाहून ठरत नाही. उजेडाची तरंगलांबी किती, तो कोणत्या कोनातून येतो आणि आपण कोणत्या कोनातून बघतो, हे सगळं मिळून ते ठरतं. म्हणून एका जागी उभं राहून काढलेला एक फोटो ही त्या पृष्ठभागाची पुरेशी नोंद होऊ शकत नाही. या गावातल्या अनेक पृष्ठभागांची आज तेवढीच नोंद आहे, आणि ती गोष्ट मला अस्वस्थ करते.

पुढचे दिवे जरा मालवा. माझ्या हातात आजचं वर्तमानपत्र आहे. टॉर्चचा झोत वरून सरळ पाडला तर कागद सगळ्यांना सारखाच दिसतो, डावीकडच्यांना आणि उजवीकडच्यांनाही. चकाकी कुठेच नाही. आता मी कागद पुठ्ठ्यावर ताणून डोळ्यांच्या पातळीला आडवा धरतो आणि पलीकडून टॉर्च जवळजवळ कागदाला चाटून जाईल असा ठेवतो. मधल्या रांगेतल्यांना आता कागदावर टॉर्चचं धूसर प्रतिबिंब दिसत असेल. कागद तोच आहे. शाळेच्या पुस्तकात नियमित परावर्तनाची एक आकृती असते आणि अनियमित परावर्तनाची दुसरी. आपला कागद केवळ कोन बदलल्यानं दुसऱ्या आकृतीकडून पहिलीकडे आणि परत असा फिरतो.

याचं कारण लॉर्ड रॅले यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका साध्या निकषात आहे. पृष्ठभागावरचा उंचवटा आणि शेजारचा खळगा यांवरून परतणाऱ्या दोन लहरींमध्ये अंतराचा फरक पडतो. तो फरक तरंगलांबीच्या मानानं नगण्य असेल तर लहरींना ते उंचसखलपण जाणवतच नाही आणि पृष्ठभाग आरशासारखा वागतो. हिरव्या उजेडाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर. उजेड सरळ स्तंभिकेच्या दिशेनं आला तर मर्यादा येते तरंगलांबीच्या एक अष्टमांशाएवढी, म्हणजे जेमतेम ७० नॅनोमीटर. तिरप्या उजेडासाठी ही मर्यादा आपतन कोनाच्या कोसाइननं भागायची. ८० अंशांवर ती ४०० नॅनोमीटरच्या आसपास जाते आणि ८९ अंशांवर जवळजवळ ४ मायक्रॉन होते. वर्तमानपत्राच्या कागदाचं उंचसखलपण काही मायक्रॉनांचं असतं. म्हणजे टॉर्च कागदाला चाटू लागली तेव्हा आपण त्या मर्यादेपाशी पोचलो होतो. शिवाय कोन वाढतो तसा पृष्ठभागावरूनच परतणाऱ्या उजेडाचा वाटाही वाढतो. काचेसारख्या पदार्थावर उजेड सरळ पडला तर जेमतेम ४ टक्के परततो, ८५ अंशांवर ६० टक्क्यांहून जास्त.

हाच निकष शेताला लावू. इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याच्या एका रडारची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर आहे आणि ते जमिनीकडे तिरपं बघतं. आपतन कोन ४० अंश धरला तर मर्यादा येते साधारण ४ सेंटिमीटर. वखरून सपाट केलेली काळी जमीन त्या रडारला तापीच्या संथ पाण्यासारखी गुळगुळीत वाटते. ती लहर पुढे घालवून देते आणि चित्रात काळी दिसते. तीच जमीन नांगरून मोठी ढेकळं वर आली की लहर सगळीकडे विखुरते, काही उपग्रहाकडे परतते आणि शेत उजळतं. मातीतल्या ओलीचाही परिणाम असतो, तो वेगळा काढावा लागतो. केळीच्या बागेत तर लहर पानांवर, खांबांवर आणि जमिनीवर अनेकदा आपटते, त्याचं गणित निराळंच आहे. आपल्या डोळ्यांना वखरलेलं रान कधीच आरशासारखं दिसणार नाही, पण २४ सेंटिमीटरच्या लहरीला ते तसंच आहे.

या शास्त्राचा पाया १७६० या एकाच वर्षी दोन पुस्तकांनी घातला. योहान लॅम्बर्ट यांचं प्रकाशमापनावरचं पुस्तक त्या वर्षी ऑग्सबुर्गला छापलं गेलं. त्यात एक आदर्श पृष्ठभाग आहे: कोणत्याही दिशेनं बघा, तो सारखाच उजळ दिसतो. किती उजळ, ते फक्त उजेड किती तिरपा पडतो यावर अवलंबून. त्याच वर्षी, निधनानंतर दोन वर्षांनी, फ्रान्सच्या पिएर बुगे यांचा प्रकाशावरचा ग्रंथ निघाला. त्यांनी खरखरीत पृष्ठभागाची कल्पना अशी केली की तो वेगवेगळ्या दिशांना कललेल्या असंख्य सूक्ष्म आरशांचा बनलेला आहे. कोणत्या कलाचे आरसे किती, हे कळलं की कोणत्या दिशेला किती उजेड जाईल हे कळलं. पुढची दोनशे वर्षं लोक लॅम्बर्टचा नियम वापरत राहिले, कारण तो सोपा आहे. बुगेंची कल्पना जास्त खोल होती, आणि तिला तिची जागा फार उशिरा मिळाली असं माझं मत आहे.

लॅम्बर्टचा नियम कुठे मोडतो ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. कोजागिरीला चंद्राकडे बघा. चंद्र हा गोल आहे. लॅम्बर्टच्या नियमानं पूर्ण बिंबाचा मध्य उजळ आणि कडा अंधारत गेलेली दिसायला हवी. प्रत्यक्षात बिंब कडेपर्यंत जवळजवळ सारखं उजळ, एखाद्या थाळीसारखं सपाट दिसतं. आणखी ठळक पुरावा अष्टमीच्या चंद्राचा आहे. त्या नियमाचा गोल अर्धा उजळलेला असताना पूर्ण उजळलेल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड देईल. खरा अष्टमीचा चंद्र पौर्णिमेच्या अकराव्या हिश्शाच्या आसपासच उजेड देतो. चंद्राची जमीन धूळ, खडे आणि खळग्यांनी भरलेली आहे. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून उजेड टाकतो, त्यामुळे प्रत्येक कणाची सावली त्याच कणामागे लपते आणि आपल्याला फक्त उजळलेले भाग दिसतात. अष्टमीला सावल्या उघड्या पडतात.

ही सावल्यांची आणि लपण्याची गोष्ट गणितात नीट आणली ती दोन टप्प्यांत. केनेथ टॉरन्स आणि इफ्राइम स्पॅरो यांनी १९६७ साली बुगेंचे सूक्ष्म आरसे पुन्हा हाती घेतले. एका आरशाची सावली शेजारच्यावर पडते आणि एक आरसा दुसऱ्याला झाकतो, याचा हिशेब त्यांनी त्यात घातला. तिरप्या कोनात चकाकीचा सर्वांत उजळ भाग आरशाच्या नियमानं यायला हवा त्या दिशेला न येता आणखी तिरपा सरकतो, हे प्रयोगात दिसत होतं. त्याचा उलगडा या हिशेबानं झाला. पण त्यांचे छोटे तुकडे आरसे होते. चंद्राची धूळ, माती, न रंगवलेली भिंत यांचे तुकडे स्वतःच मळकट, उजेड पसरवणारे असतात. तो हिशेब १९९४ साली मायकेल ओरेन आणि श्री नायर यांनी केला. नायर मूळचे भारतीय, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काम करतात. त्यांनी प्रत्येक तुकडा लॅम्बर्टच्या नियमानं वागतो असं धरलं, तुकड्यांचे कल विखुरलेले ठेवले, आणि सगळा मिळून पृष्ठभाग त्या नियमानं वागत नाही हे दाखवलं. त्यात खरखरीतपणा दाखवायला एकच आकडा लागतो. तो आकडा वाढवत नेला की गोलाची कडा उजळत जाते आणि तो सपाट दिसू लागतो. मातीचं मडकं, वाळलेला चुना, पौर्णिमेचा चंद्र, तिघांना एकच सूत्र पुरतं. इतक्या थोडक्यात इतकं सांगणारं गणित मला फार सुंदर वाटतं.

सूक्ष्म आरशांचं हे सगळं चित्र तुकडे तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतील तोवरच चालतं. ते लहान झाले की उजेडाला लहर म्हणूनच वागवावं लागतं. पेत्र बेकमन आणि आंद्रे स्पित्सिकिनो यांचा या लहरींच्या हिशेबावरचा ग्रंथ १९६३ चा आहे. लहरीची खूण तुम्हाला आत्ताच दाखवतो. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर मी लेसरचा ठिपका टाकतो. त्यात दाणेदार चमचम दिसते आणि डोकं हलवलं की ती हलते. ती भिंतीचा रंग किंवा मळ यांची नाही. भिंतीच्या वेगवेगळ्या बिंदूंवरून आलेल्या लहरी डोळ्यात एकमेकींना कुठे बळ देतात, कुठे पुसून टाकतात, त्याची ती नक्षी आहे. लेसर जन्मायच्या पुष्कळ आधी, १९४३ साली, रामन यांचे शिष्य जी. एन. रामचंद्रन यांनी बंगळुरूत अशाच दाणेदार उजेडाच्या चढउतारांचा सांख्यिकी अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे त्यांचं नाव प्रथिनांच्या रचनेसाठी गाजलं आणि हे काम मागे पडलं.

आता नेपानगर. इथल्या पुष्कळ घरांतल्या माणसांनी त्या गिरणीत नोकरी केली आहे, म्हणून थोडं थांबून बोलतो. देशातली ही पहिली न्यूजप्रिंट गिरणी. उत्पादन १९५५ मध्ये सुरू झालं, आणि एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. सुरुवातीला आसपासच्या जंगलातलं सालईचं लाकूड आणि बांबू हा कच्चा माल होता. आपण कागद पांढरा म्हणतो, पण त्यातला एकेक तंतू जवळजवळ पारदर्शक असतो. पांढरेपणा येतो तंतू आणि हवा यांच्या सीमेवर उजेड पुन्हा पुन्हा वळल्यानं. कागदावर तेलाचा थेंब टाका. तेलाचा अपवर्तनांक तंतूच्या जवळपासचा असल्यानं हवेची सीमा पुसली जाते आणि तिथून पलीकडचं दिसू लागतं. भज्यांच्या पुड्याचा कागद आपण रोज असाच बघतो.

कागदातल्या या उजेडाचा हिशेब पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ साली दोनच आकड्यांत बसवला: थर उजेड किती विखुरतो आणि किती गिळतो. कागदाचा गठ्ठा ६० टक्के उजेड परत देत असेल, तर गिळण्याचं विखुरण्याशी प्रमाण ०.१३ च्या आसपास असतं. ८० टक्क्यांसाठी ते ०.०२५ लागतं. म्हणजे कागद थोडा जास्त उजळ करायचा तर गिळणं पाचपटींहून अधिक कमी करावं लागतं, आणि गिरणीतला रसायनांचा खर्च इथेच वाढतो. पण न्यूजप्रिंटच्या बाजूनं एक गोष्ट बोलते. लाकूड रसायनात न शिजवता यंत्रानं भरडलं की तंतूंबरोबर बारीक भुगा तयार होतो आणि हवेच्या सीमा वाढतात. असा लगदा पिवळसर असतो, उन्हात लवकर काळवंडतो, पण विखुरण्यात रासायनिक लगद्यापेक्षा पुष्कळ सरस असतो. म्हणूनच इतक्या पातळ कागदावर मागच्या पानाची छपाई पुढे फारशी उमटत नाही, आणि चकाकी नसल्यानं पारावर, गाडीत, उन्हात, कुठेही बसून पेपर वाचता येतो. गुळगुळीत मासिकाचं पान तसं वाचताना दिव्याला चुकवून मान वळवावी लागते. न्यूजप्रिंटला हलका कागद म्हणतात. डोळ्यांच्या दृष्टीनं मी त्याला उत्तम कागद म्हणेन.

मोजायचं कसं, ते आता. एका बिंदूवर कोणत्या दिशेनं उजेड आला आणि कोणत्या दिशेला किती गेला, यांचं गुणोत्तर प्रत्येक जोडीसाठी हवं. याची काटेकोर व्याख्या अमेरिकेत फ्रेड निकोडेमस यांनी १९६५ साली मांडली, आणि १९७७ साली तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेनं ती सविस्तर प्रसिद्ध केली. येणाऱ्या दिशेचे दोन कोन, जाणाऱ्या दिशेचे दोन, असे चार कोन आणि शिवाय तरंगलांबी. यंत्रात दिवा एका बाहूवर फिरतो, प्रकाशमापक दुसऱ्यावर आणि नमुना मध्ये. कागदासारखा पृष्ठभाग स्वतःभोवती फिरवला तरी बदलत नाही, म्हणून तिथे तीन कोन पुरतात. अंशाअंशानं मोजलं तरी १४ लाख ५८ हजार नोंदी होतात, आणि नोंदीला एक सेकंद धरला तर सतरा दिवस लागतात. २००३ साली अमेरिकेतल्या एका गटानं नमुन्याचा गोल वापरून एकाच फोटोत शेकडो कोन पकडायची युक्ती केली आणि शंभर पदार्थांचा संग्रह सगळ्यांना खुला केला. आज सिनेमातली संगणकचित्रं खरी वाटतात, त्यामागे अशी मोजमापं आणि त्यांवर बसवलेली सूत्रं आहेत.

एकूण किती उजेड परततो एवढंच हवं असेल तर सोपा मार्ग आहे. आतून पांढरा, खरखरीत गोल घ्यायचा. त्यात शिरलेला उजेड भिंतींवर इतक्यांदा आपटतो की त्याची मूळ दिशा विसरली जाते. भिंत दर वेळी चार पंचमांश उजेड परत देत असेल, तर एका थेट उजेडाचे मिळून पाच भाग आत खेळतात. जर्मनीतल्या रिचर्ड उल्ब्रिष्ट यांचं नाव या गोलाला आहे. कुंडी भंडाऱ्यात उतरलेल्यांनी हेच अनुभवलं असेल. खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास खोदलेल्या त्या भुयारात भिंतींवर चुनखडीची पांढरी पुटं चढली आहेत. कुंडीच्या तोंडातून आलेला थोडासा उजेड त्या पुटांवरून परत परत विखुरून आडव्या भुयारात बराच आतपर्यंत जातो. काळ्या, ओल्या दगडाच्या भुयारात तो पहिल्या वळणालाच संपला असता.

कलाबतू मात्र तीन कोनांत मावत नाही. सतराव्या शतकात आलेल्या तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं बऱ्हाणपूरच्या तलम कापडाची, त्यातल्या सोन्याचांदीच्या तारांची आणि इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत चालणाऱ्या त्याच्या व्यापाराची नोंद केली आहे. ती तार कशी व्हायची, हे इथल्या जुन्या तारकशांच्या घरांना सांगायची गरज नाही. चांदीच्या लगडीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, जंतराच्या एकाहून एक बारीक भोकांतून ती ओढत न्यायची, केसासारखी झाली की चपटी करून बादला करायचा, आणि तो बादला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायचा. सोन्यासाठी पिवळं रेशीम, चांदीसाठी पांढरं, कारण दोन वेढ्यांमधून धागा डोकावतो.

भिंगाखाली कलाबतू बघितली तर ती एक बारीक नळकांडी दिसते, तिच्यावर पट्टीचे तिरपे वेढे आणि प्रत्येक पट्टीवर ओढकामाच्या लांब बारीक रेघा. नळकांडीवर उजेड पडला की एक नेमकी गोष्ट घडते. तो अक्षाशी जेवढा कोन करून येतो, तेवढाच कोन राखून निघतो, पण अक्षाभोवती मात्र चारी बाजूंना पसरतो. परतलेल्या उजेडाचा शंकू होतो. तुमचा डोळा त्या शंकूत आला तर धागा पेटल्यासारखा दिसतो, नाही आला तर मंद. म्हणून शालूचा काठ किंचित कलता केला की चमक पट्टीपट्टीनं सरकते, आणि कापड जागच्या जागी स्वतःभोवती फिरवलं तरी चमक बदलते. कागदाचं असं होत नाही. माणसाच्या केसांवर दिसणारी उजळ वलयं याच शंकूची असतात. स्टीव्ह मार्शनर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली त्यांचं गणित मांडलं, त्यात केसावरच्या सूक्ष्म खवल्यांच्या कलानं शंकू काही अंश सरकतो हेही आहे. बादल्याचा एक वेढा शेजारच्यावर किंचित चढला असेल तर तिथेही तसंच सरकणं अपेक्षित आहे, आणि गुंडाळणाऱ्याच्या हाताची सफाई त्या सरकण्यात मोजता यावी.

सोनं निळा-जांभळा उजेड बराचसा गिळतो, म्हणून पिवळं दिसतं. चांदी दृश्य उजेडापैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत देते. रंग जुळवणं त्यामुळे अवघड राहिलेलं नाही, आणि धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पट्टीची जर रंगानं हुबेहूब करता येते. फरक असतो तो चमकेच्या पसरटपणात. प्लास्टिकची पट्टी सहसा जास्त गुळगुळीत, तिची चमक टोकदार. ओढून चपट्या केलेल्या तारेची चमक रेघांमुळे एका बाजूला पसरते, दुसऱ्या बाजूला आवळते. जाणकार हे नजरेनं ओळखतात. मोजायला गेलं तर चारही कोन लागतात, अंशाअंशानं १०५ कोटी नोंदी, सेकंदाला एक धरली तर तेहतीस वर्षं. इथे सूत्राशिवाय पर्याय नाही: थोड्या, नीट निवडलेल्या कोनांवर मोजायचं आणि शंकूचं गणित बसवून उरलेलं काढायचं. पण सूत्र आधी आणि मोजणी नंतर असं केलं तर सूत्राला हवं तेच दिसत राहतं, म्हणून निवडक मोजणीसुद्धा प्रामाणिकपणे, सूत्र जिथे चुकेल अशा कोनांवरही करायला हवी.

शेवटी काळ्या दगडाकडे येतो. जामा मशीद फारुकी घराण्यातल्या आदिलशाहानं बांधली. आतल्या अरबी लेखाच्या जोडीला तिथे संस्कृत शिलालेख आहे, संवत १६४६, शके १५११ चा, त्यात फारुकींची वंशावळ आहे. मशिदीतल्या देवनागरी लेखाचं वाचन रायबहादूर हिरालाल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एपिग्राफिया इंडिकामध्ये प्रसिद्ध केलं. याच मशिदीत असीरगड घेतल्यानंतरचा, १६०१ चा अकबराचा लेखही आहे. शिलालेख वाचणारे लोक ठसा घेत आले: ओला कागद दगडावर ठोकून बसवायचा आणि शाई लावायची. ठसा उंची नोंदवतो, उजेडाशी त्याचा संबंध नाही. फोटो उजेड नोंदवतो, उंचीशी त्याचा थेट संबंध नाही. समोरून फ्लॅश टाकून काढलेला शिलालेखाचा फोटो म्हणूनच बहुधा निरुपयोगी असतो. १ मिलिमीटर उंचीच्या अक्षराची सावली ३० अंशांच्या उजेडात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पडते, ८० अंशांच्या चाटत्या उजेडात साडेपाच मिलिमीटरांहून लांब. पण एका बाजूनं चाटणारा उजेड त्याच दिशेच्या रेघा गिळतो. देवनागरीत शिरोरेषा आणि उभे दंड दोन्ही असतात, त्यामुळे एका दिव्यानं काम भागत नाही.

यावर १९८० साली रॉबर्ट वुडहॅम यांनी उपाय दिला. कॅमेरा स्थिर ठेवायचा, दिवा किमान तीन जागी फिरवायचा आणि प्रत्येक बिंदूच्या तीन उजळपणांवरून तिथला कल काढायचा. २००१ साली टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी अनेक फोटोंवरून प्रत्येक बिंदूसाठी सहा आकड्यांचं छोटं सूत्र बसवलं, म्हणजे नंतर पडद्यावर हवा तिकडून दिवा फिरवून लेख वाचता येतो. पण वुडहॅम यांचं गणित लॅम्बर्टचा नियम धरून चालतं. वाळलेल्या चुन्यावर ते बऱ्यापैकी बरोबर येतं. घोटलेल्या काळ्या दगडावर ते चुकतं, कारण काळा दगड आत शिरलेला उजेड गिळतो आणि दिसणारा बराचसा उजेड वरच्या चकाकीचाच असतो. संगणक त्या चकाकीला कल समजतो आणि नसलेले खळगे काढून दाखवतो. दगड ओला असेल तर अवस्था आणखी बिकट, पाणी खळगे भरून वरचा थर गुळगुळीत करतं. इलाज ध्रुवणाचा आहे. दिव्यावर ध्रुवक लावायचा आणि कॅमेऱ्यावर त्याला आडवा दुसरा. वरच्या थरावरून परतलेला उजेड आपलं ध्रुवण बरंचसं टिकवतो, म्हणून तो अडतो. आत विखुरून आलेला उजेड ध्रुवण हरवून बसतो, म्हणून तो अर्धा तरी पोचतो. एकदा आडव्या आणि एकदा समांतर ध्रुवकांनी फोटो घेऊन वजाबाकी केली की चकाकी वेगळी हाती येते. मग दोन्हींना आपापलं सूत्र लावता येतं.

बऱ्हाणपुरात हे काम व्हावं, असा माझा आग्रह आहे, आणि ते आटोक्यातलं आहे. स्टँडवर कॅमेरा, दोन ध्रुवक, अतिनील किरण न देणारा एलईडी दिवा, दिव्याचं अंतर सारखं ठेवायला दोरी, आणि दगडाशेजारी ठेवायचा काळा चकचकीत गोळा, ज्यावरच्या ठिपक्यावरून दिव्याची दिशा नेमकी काढता येते. पन्नासएक फोटो, आणि मोफत मिळणारी संगणकप्रणाली. मशिदीच्या व्यवस्थापनाची आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यायला हवी. शाही किल्ल्याच्या हमामखान्यातल्या रंगवलेल्या छतांची अशी नोंद कोणतीही सफाई किंवा डागडुजी होण्यापूर्वी व्हायला हवी, कारण नुसता कापसाचा बोळा फिरला तरी गिलाव्याचा वरचा मायक्रॉनभर थर बदलतो, आणि मघाशी कागदावर आपण पाहिलं की उजेडाला तेवढा बदल पुरतो. पदार्थविज्ञानाच्या पदवी वर्गातल्या मुलांना यापेक्षा चांगला प्रकल्प मला सुचत नाही.

आणि एक विनंती श्रोत्यांना. ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या वेळची खऱ्या जरीची वस्त्रं, कलाबतूची जुनी रिळं किंवा जंतर उरलेली असतील, त्यांनी ती विकण्याआधी, वितळवण्याआधी एकदा मोजायला द्यावीत. मोजणीला कापड कापावं लागत नाही, रसायन लागत नाही, काठाची चार बोटं जागा पुरते. एका दिवसात वस्तू घरी परत जाईल, आणि तिची चमक कोणत्या दिशेला किती जाते त्याचे आकडे गावाकडे राहतील.